पहिल्या पावसात मुळा-मुठेतले मासे का मरतात, आणि एसटीपी झाले की जुने मासे परत येतील का?

तुमचे दोन प्रश्न आहेत, दोन्हीचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच लिहितो. एक, पुण्यात जूनमधे पहिला जोरदार पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी बंडगार्डनच्या बाजूला मासे मरून वर आलेले दिसतात, पावसानं तर घाण वाहून जायला पाहिजे, मग उलटं कसं होतं. आणि दोन, नवीन एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारे प्रकल्प, सगळे सुरू झाले, पाणी साफ झालं की नदीत जुने मासे परत येतील का. पहिल्याचं उत्तर थोडक्यात सांगायचं तर पाऊस कमी पडला म्हणून. दुसऱ्याचं, नुसत्या एसटीपीनं नाही. आता जरा लांबण लावतो कारण यातली गंमत तपशिलात आहे. मी नद्यांमधले मासे, किडे, शेवाळ आणि पाणी तपासण्याचंच काम करतो त्यामुळे थोडं वाहवत जाईन, सांभाळून घ्या.

मार्च ते मे खडकवासला धरणाच्या खाली मुठेत वरून येणारं पाणी जवळपास नसतंच. शहरातून जे वाहतं ते नाल्यांचं पाणी, अर्धवट शुद्ध झालेलं सांडपाणी, आणि कुठे कुठे काठातून येणारे झरे-पाझर. हे पाणी संथ चालतं, बंधाऱ्यामागे तर थांबतंच, आणि त्यातला मैला महिनोन्महिने तळाला बसत जातो. काळा गाळ. त्यात काठी खुपसली की बुडबुडे येतात, सडक्या अंड्यांचा वास येतो, तो हायड्रोजन सल्फाइडचा, सोबत मिथेन असतो त्याला वास नाही. या गाळाच्या वरचं थोडंसं पाणी कसंबसं श्वास घेण्यासारखं असतं आणि मासे तेवढ्यातच दिवस काढत असतात. मग वळवाचा नाहीतर जूनचा पहिला पाऊस येतो, तास-दोन तास धो धो, नाल्यात उन्हाळाभर साठलेलं सगळं एकदम नदीत उतरतं, रस्त्यावरचं ऑइल, कचऱ्याच्या ढिगांचं पाणी, सगळं, आणि तो लोंढा तळाचा गाळ ढवळून वर आणतो. त्या गाळातल्या सल्फाइडला आणि कुजणाऱ्या मालाला ऑक्सिजन पाहिजे असतो, तो ते पाण्यातून ओढून घेतात आणि काही तासांत मासा ज्यावर जगत होता ते संपतं. घाण उपसण्यापुरता पाऊस झाला, पण ती पुढे ढकलायला लागतं तेवढं पाणी नाही, कारण धरणं त्या वेळी तळाला गेलेली असतात, दरवाजे बंद असतात. हेच ऑगस्टमधे तिप्पट पाऊस पडला तरी होत नाही, कारण तेव्हा नदीत मुळात पाणी असतं.

ऑक्सिजनचा हिशोब एकदा डोक्यात बसला की निम्म्या गोष्टी आपोआप कळतात. पाणी जितकं गरम तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. पुण्याच्या उंचीवर २० अंशाच्या स्वच्छ पाण्यात लिटरला साधारण साडेआठ मिलीग्रॅम मावतो, ३० अंशाला सातच्या आसपास. म्हणजे मे महिन्यात नदी अगदी शुद्ध असती तरी सुरुवातच सातपासून आहे. आणि माशाचं उलटं असतं, पाणी गरम झालं की त्याची भूक वाढते, हालचाल वाढते, ऑक्सिजन जास्त लागतो. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या वर्गवारीत मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, ज्याला आपण डीओ म्हणतो, तो किमान ४ असावा असं आहे, आंघोळीच्या पाण्याला ५ आणि बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला बॅक्टेरियांना लागणारा ऑक्सिजन, ३ च्या आत. कागदावर हे छान आहे.

पण, आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे, मासा सरासरीत जगत नाही. रिपोर्टमधे जो डीओ लिहिलेला असतो तो सॅम्पल किती वाजता घेतलं यावर प्रचंड अवलंबून असतो. माणसं ऑफिसला येणार, गाडी निघणार, नदीवर पोचेपर्यंत अकरा वाजतात, ऊन चढलेलं असतं, पाण्यात हिरवं शेवाळ भरपूर, ते उन्हात ऑक्सिजन सोडत असतं, मीटर ६ दाखवतो, कधी कधी पाण्याच्या क्षमतेपेक्षा जास्त दाखवतो. सगळे खूश. तेच शेवाळ रात्री ऑक्सिजन बनवत नाही, उलट खातं, तळाचा गाळ खातो, बॅक्टेरिया खातात, आणि पहाटे साडेपाचला त्याच जागी मीटर घातला तर एकच्या खाली येऊ शकतो. मासा त्या पहाटे मेलेला असतो. अकराच्या सहानं त्याला काही फरक पडत नाही. म्हणून कुणी मला नदीचा रिपोर्ट दाखवला की मी आकड्याआधी वेळ बघतो, आणि बऱ्याच रिपोर्टात ती नसतेच.

दुपारची गंमत वेगळीच. शेवाळ जोरात काम करतं तेव्हा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड संपतो आणि पीएच वर चढतो, म्हणजे पाणी जास्त अल्कधर्मी होतं. सांडपाण्याच्या नदीत अमोनिया असतोच, तो दोन रूपांत असतो, एक तुलनेनं निरुपद्रवी आणि दुसरं माशाच्या कल्ल्यांतून सरळ आत घुसणारं विषारी. २५ अंशाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, पीएच ८ ला पाच टक्के, आणि ९ ला सरळ एक तृतीयांशापेक्षा जास्त. पाण्यात बाहेरून एक थेंब पडला नाही तरी दुपारी दोनला तेच पाणी सकाळच्या कित्येक पट विषारी झालेलं असतं. म्हणजे अशा नदीतल्या माशाला पहाटे गुदमरायचं आणि दुपारी अमोनिया सोसायचा, यातून जो उरतो तो आपल्याला पुलावरून दिसतो.

मेलेले मासे दिसले तर नुसता फोटो काढून पुढे पाठवू नका, जरा बघा. कुठले मेलेत? मांगूर जिवंत आणि बाकी सगळे मेले तर ऑक्सिजनवर संशय घ्यायचा, कारण मांगूर हवेतून श्वास घेऊ शकतो, मरळही घेते. चिलापी खूप सोसते, ती ढिगानं मेली असेल तर पाण्याची अवस्था फारच वाईट झाली होती असं समजा. ऑक्सिजन संपून मेलेल्यांत मोठे मासे आधी जातात आणि वेळ बहुतेक पहाटेची असते, विष असेल तर छोटी पिल्लं आधी जातात आणि वेळेचं बंधन नसतं. कल्ले उघडून बघा, चॉकलेटी दिसले तर नायट्राइटची शक्यता. आणि पाणी तेव्हाच बाटलीत घ्या, दुपारी चारला टीम आली तोवर मारणारं पाणी थेऊरकडे निघून गेलेलं असतं, मागे फक्त मासे उरतात. साधी बाटली भरून लॅबला नेली तरी डीओ कळत नाही, तो जागेवरच मीटरनं मोजावा लागतो नाहीतर जागेवरच केमिकल टाकून तो फिक्स करावा लागतो, पण अमोनिया, पीएच यासाठी बर्फात ठेवलेली बाटली चालते.

आता दुसरा प्रश्न. समजा उद्या जादू झाली आणि सांडपाणी शंभर टक्के शुद्ध झालं. तरी आपल्या नदीतले बरेचसे मूळ मासे फक्त त्यामुळे येणार नाहीत, कारण त्यांना पाण्याचा दर्जा लागतो तसं वेळापत्रकही लागतं. गावाकडे चढणीचे मासे म्हणतात ते तुम्हाला माहीत असतीलच, पहिले पूर आले की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, ओढ्यात शिरतात, गोट्यांवर नाहीतर पाण्याखाली गेलेल्या गवतात अंडी घालतात. हे ते कॅलेंडर बघून करत नाहीत. पाणी अचानक थंड होणं, गढूळ होणं, ओढ वाढणं, हे सगळं एकदम घडलं की त्यांच्या अंगात ते सुरू होतं. पूर्वी हे जूनमधे व्हायचं. आता वरती टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला, चौघांची मिळून क्षमता २९.१५ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट), पहिला सगळा पाऊस ती भरण्यात जातो. खडकवासल्यातून मुठेत विसर्ग सुरू होतो तो बहुतेक वर्षी जुलैच्या उत्तरार्धात किंवा त्याच्याही नंतर. खालच्या मादीची अंडी तोवर तयार होऊन बसलेली असतात, इशारा येत नाही, मग काही जातींत शरीर ती अंडी परत शोषून घेतं आणि ते वर्ष फुकट.

बरं विसर्ग येतो तोही कसा, दार उघडलं की पूर आणि बंद केलं की डबकं. जुलै २०२४ मधे सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा खडकवासल्यातून ३५ हजार क्युसेकच्या (म्हणजे सेकंदाला तेवढे घनफूट) वर पाणी सोडलं होतं. माणसांचं जे झालं ते सगळ्यांनी बघितलं, माशांचं काय होतं ते नंतर दिसतं. पाणी चढतं तेव्हा पिल्लं काठाच्या गवतात, झुडपात शिरतात कारण मधे ओढ त्यांना झेपत नाही, मग विसर्ग झपकन कमी केला की पाणी उतरतं आणि ती काठच्या खड्ड्यांत अडकतात, बगळे-कावळ्यांची मेजवानी. नैसर्गिक पूर उतरायला दिवस घेतो, दरवाजा मिनिटांत बंद होतो. धरण सुरक्षित ठेवणं हे इंजिनिअर लोकांचं पहिलं काम आहे यात वाद नाही, पण पाणी उतरवताना टप्प्याटप्प्यानं उतरवायला त्यात काही अडचण नसते.

आणि या सगळ्यात चिलापी का जिंकली ते बघा. चिलापीची मादी अंडी तोंडात सांभाळते. तिला पूर नको, ओढ नको, गोटे नको, साचलेल्या पाण्यात वर्षातून अनेकदा वीण होते. आपण नदी अशी बनवली की जे मासे प्रवाहावर अवलंबून होते ते बाद झाले आणि ज्याला प्रवाहच लागत नाही तो राजा झाला. उजनीत चिलापीनं कसं बस्तान बसवलंय ते भिगवणला मासे खाणाऱ्यांना सांगायला नको. मांगूर म्हणजे आफ्रिकन, तो तर २००० सालीच बंदी घातलेला मासा, तरी सगळीकडे आहे. आता अंगावर चिलखत असलेला सकरही जाळ्यात येतो, ॲक्वेरियममधे काच साफ करायला आणलेला, मोठा झाला की लोक भूतदया म्हणून नदीत सोडून देतात. भोई लोकांना विचारा त्याच्याबद्दल, जाळी फाडतो आणि विकलाही जात नाही.

बंधाऱ्यांवर फार लिहीत नाही, प्रत्येक बंधारा वरच्या बाजूला नदीचं तळं करतो आणि चढणाऱ्या माशाला भिंत घालतो, कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे ढापे, म्हणजे पाणी अडवायला लावलेल्या फळ्या, पावसाळ्याच्या तोंडावर वेळेत काढले तर बरंच भागतं. वाम, मरळ, शिंगटा हे त्यातल्या त्यात टिकून राहतात. ज्यांना खळखळतं उथळ पाणी आणि गोटेच लागतात, मळ्यासारखे तळाला चिकटून राहणारे छोटे मासे, ते आधी जातात, आणि ते कुणाच्या ताटात नसल्यामुळे गेलेले कळतही नाहीत.

काहीजण म्हणतात की नदी इतकी वाईट असती तर शहराच्या खालच्या अंगाला नदीवर कवडीपाटला हिवाळ्यात इतके पक्षी कशाला आले असते. चांगला प्रश्न आहे. चक्रवाक येतात, थापट्या येतात, फोटोग्राफरांची गर्दी होते, मीही जातो. पण ते काय खातात ते बघा. मैल्याच्या गाळात कायरोनॉमिड नावाच्या, डासासारख्या दिसणाऱ्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या प्रचंड होतात. लाल का, तर त्यांच्या अंगात आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, त्यामुळे जवळपास ऑक्सिजन नसलेल्या चिखलातही त्या जगतात. त्यांना खाणारे मासे आणि स्पर्धा करणारे बाकी किडे गेले की ह्यांना रान मोकळं. २०२४ च्या फेब्रुवारीत केशवनगर-खराडीकडे नदीवर डासांचे खांबच्या खांब उठल्याचे व्हिडिओ फिरले होते आठवतंय? असे उंच फिरणारे खांब बहुतेकदा याच न चावणाऱ्या माश्यांचे असतात. पक्ष्यांची संख्या बघून नदी ठरवायची नाही, जाती बघायच्या. आणि पक्ष्यांपेक्षाही गोटा उचलून खाली काय चिकटलंय ते बघायचं. मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं दिसली, तीन शेपट्यांची चपटी, तर पाणी बरं आहे, एका दिवसाचं नाही तर गेल्या काही महिन्यांचं, कारण ती पळून जाऊ शकत नाहीत. नुसत्या लाल अळ्या आणि जळवा असतील तर रिपोर्ट काहीही म्हणो. नदीतले मोठे शिंपले हा अजून चांगला पुरावा, कारण त्यांची पिल्लं काही दिवस माशाच्या कल्ल्याला किंवा परांना चिकटून वाढतात, मासा नाही तर शिंपला नाही. म्हातारे शिंपले भरपूर आणि पोर एकही नाही असं दिसलं की समजायचं ही वस्ती संपत चाललीय, फक्त तिला वेळ लागतोय.

खडस, म्हणजे आपला दख्खनचा महाशीर, त्याची शास्त्रीय ओळख जगाला कुठून झाली माहितीये का? कर्नल साइक्स नावाच्या अधिकाऱ्यानं १८३९ मधे त्याचं वर्णन छापलं, आणि त्याचं मूळ ठिकाण दिलंय मुळा-मुठा, पुण्याच्या आठ मैल पूर्वेला. साइक्सनं इथल्या कोळ्या-भोयांकडून ऐकलेली नावंच लॅटिनमधे घालून टाकली, खुद्री, मुल्या, फुलंगी, त्यामुळे जगभरच्या म्युझियमच्या बरण्यांवर पुण्याची मराठी आहे. पुण्याच्या आठ मैल पूर्वेला आज काय आहे ते हडपसर-मांजरीकडे राहणाऱ्यांनी सांगावं. त्याच माशाचं लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात अनेक वर्षं कृत्रिम प्रजनन होतं आणि २०१८ मधे आययूसीएन या जागतिक निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो संकटग्रस्त वरून चक्क कमी चिंतेच्या गटात आला.

मग बीज आणून इथे सोडा ना, हे लगेच कुणीतरी सुचवतं, सत्कारासकट. नको. ज्या नदीत पहाटे ऑक्सिजन एकच्या खाली जातो तिथे महाशीरचं बीज सोडणं म्हणजे फोटोपुरतं काम. आणि चुकीच्या नदीत सोडलं तर अजून वाईट, कावेरीत हाच खडस बाहेरून नेऊन सोडला आणि तिथला मूळ मोठा महाशीर त्याच्यामुळे मागे ढकलला गेला, तो आता खरोखर नष्ट होण्याच्या टोकाला आहे. डासांसाठी गप्पी सोडतात त्याचंही मला हेच म्हणणं आहे, हौदात सोडा, नदीत कशाला. मूळ मासे टेमघर-मोसे खोऱ्याच्या वरच्या ओढ्यांत, मुळशीच्या वर, अजून आहेत. त्यांना बीज नको, खाली यायला वाट आणि राहायला जागा पाहिजे.

एसटीपी पाहिजेतच, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. पण एसटीपी चालतोय का हे बीओडीवर ठरवतात आणि मासा अमोनियावर आणि क्लोरिनवर मरतो. बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी १० च्या आत आला, टाळ्या, पण अमोनिया काढायचा टप्पा नीट चालत नसेल तर वर सांगितलेलं दुपारचं गणित तसंच राहतं. निर्जंतुकीकरणाला क्लोरिन मारतात, तो लिटरला मिलीग्रॅमच्या काही शतांश भाग शिल्लक राहिला तरी माशांना त्रास होतो, आपल्या नळाच्या पाण्यात त्याहून कितीतरी जास्त असतो. आणि लाईट गेल्यावर काय होतं? चार तास कच्चं पाणी बायपास झालं तर महिन्याच्या सरासरीत ते दिसतही नाही, नदीत दिसतं.

आता काठाच्या कामांचं, नदीकाठ सुधारणेची ४४ किलोमीटरची योजना आहे, तिच्यावर बाजूनं आणि विरोधात भरपूर बोललं गेलंय. माझं म्हणणं माशांपुरतं. नदी सगळीकडे सारख्या रुंदीची, सारख्या खोलीची केली की डोह जातात आणि खळखळ जाते. डोह म्हणजे उन्हाळ्यातला आसरा, खळखळ म्हणजे ऑक्सिजन मिसळायची फुकटची मशीन. काठाचे पाझर सिमेंटखाली गेले तर उन्हाळ्यात उरलेसुरले स्वच्छ पाणी येण्याच्या जागाही गेल्या, आणि कडक उन्हाळ्यात मला काठाला मासे सापडतात ते नेमके अशाच पाझरांच्या तोंडाशी गोळा झालेले.

पाणी किती सोडायला लागेल हा शेवटचा भाग, आणि इथे लोक घाबरतात म्हणून गणित करून दाखवतो. १०० क्युसेक सतत महिनाभर सोडलं तर होतं ०.२६ टीएमसी. जूनमधे दोन दिवस १००० क्युसेकचा एक छोटा पूर दिला, इशारा म्हणून, तर ०.१७ टीएमसी. २९ टीएमसीत हे फार नाही. गंगेसाठी केंद्रानं २०१८ मधे महिन्यानुसार किमान प्रवाह ठरवून दिला, हरिद्वारच्या वरच्या भागात कोरड्या महिन्यांत सरासरीच्या २० टक्के आणि पावसाळ्यात ३० टक्के, म्हणजे कल्पना काही परग्रहावरची नाही. अडचण अशी की जूनमधे साठा सगळ्यात कमी असतो, शहरात दिवसाआड पाणी सुरू असू शकतं, तेव्हा माशांसाठी पाणी सोडा म्हणणाऱ्याला कोण उभं करणार. दुसरा मार्ग म्हणजे दौंड-इंदापूरचं उन्हाळी आवर्तन जे मुठा उजव्या कालव्यातून शहराच्या पोटातून जातं, त्यातलं थोडं नदीतून पाठवायचं. एप्रिलमधे स्वारगेटजवळ कालव्यात स्वच्छ पाणी भरभरून वाहत असतं आणि तिथून थोड्याच अंतरावर नदीत काळं, हे पुणेकर रोज बघतात. पण ते पाणी नदीतून गेलं तर तिकडे पोचेपर्यंत त्यात शहराचं सांडपाणी मिसळलेलं असणार, तिथला शेतकरी म्हणेल आमच्या वाट्याचं पाणी तुमच्या गटारात कशाला घालता, आणि त्याचं बरोबर आहे. म्हणून मी सुरुवात करायला सांगितली तर खडकवासला ते विठ्ठलवाडी हा तुकडा घेईन, धरणाला सगळ्यात जवळचा, त्यातले नाले आधी पूर्ण अडवायचे, तळाचे गोटे हलवायचे नाहीत, तिथेच ते १०० क्युसेक देऊन बघायचे, आणि डीओ पहाटे साडेपाचला मोजायचा.